शंकेच्या शाळेतले भक्त

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले दोघे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान त्यांनी मनापासून अभ्यासले होते. भांडारकर तर प्राचीन ग्रंथांचा काळ तर्काच्या कसोटीवर तपासणारे संशोधक. ग्रंथप्रामाण्य सुटले, अवतारांवरचा विश्वास सुटला, मूर्तिपूजाही सुटली. तरीही प्रार्थना समाजाच्या उपासनेत हे दोघे तुकोबांच्या अभंगांवर निरूपण करत राहिले!

याच काळात गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचून अज्ञेयवादी झाले. त्यांचा प्रामाणिकपणा मला वंदनीय वाटतो. पण शिकलेल्या माणसाची वाट तिथेच संपते, असे मात्र मी मानत नाही. रानड्यांनी शंकेला दार लावून घेतले नाही. तिने जे नेले ते जाऊ दिले. उरला तो न्यायी, दयाळू ईश्वर, आणि त्याच्यापुढे सगळी माणसे सारखी हा भाव. विधवाविवाहासाठी लोकनिंदा सोसताना रानडे या भावाच्या बळावर उभे होते. आगरकरांनी त्याच प्रश्नासाठी तितकीच निंदा सोसली, देवाचे नाव न घेता. मतभेद राहिले, तरी सुधारणेच्या लढ्यात दोघे एकाच बाजूला होते.