अर्धवट राहिलेली गाडी विकताना

आमची जुनी एमजीबी रोडस्टर विकायला काढली, तेव्हा जाहिरातीत पहिला फोटो गंजाचा टाकला. इंग्लंडात अर्धवट सोडलेल्या गाड्यांच्या जाहिराती कायम दिसतात. त्यांत फोटो असतो तो चकचकीत जाळीचा आणि क्रोमच्या बंपरचा. खरी गोम दाराखाली असते.

ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यात छप्पर नसलेल्या गाडीचं पुढचं-मागचं अंग जोडून धरायचं काम मुख्यतः दोन्ही बाजूंच्या सिलवर येतं. सिल म्हणजे दाराखालची पोकळ पेटी. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चिखलाबरोबर उडून तिच्यात साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर दिसतात ते रंगावरचे फोड. अशाच एका फोडावर मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. दाराची वरची फटही अरुंद झाली होती, म्हणजे गाडी मधून बसू लागली होती. अशा वेळी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करून मगच सिल कापायची असते, नाहीतर वाकड्या गाडीवरच नवा पत्रा बसतो.

अडचण सुट्या भागांची नव्हती. या गाडीचे अख्खे नवे सांगाडेसुद्धा 1988 पासून मिळू लागले आहेत. आई आजारी पडली, पुण्याच्या फेऱ्या वाढल्या, आणि गाडी खोललेल्या अवस्थेत तशीच राहिली.

इंजिन एकाला, तारांची चाकं दुसऱ्याला, असं विकलंस तर पैसे जास्त येतील, असं मित्रांनी सुचवलं. मला ते पटेना. लॉगबुक असलेली, पुन्हा रस्त्यावर येऊ शकणारी गाडी मोडीत काढायची कशासाठी? पण ती अखंड विकायची, तर ती खोलताना मला जे कळलं तेही तिच्याबरोबर जायला हवं होतं. कुठल्या बिजागरीखाली किती शिमा, म्हणजे फट जुळवायच्या पातळ पट्ट्या, होत्या, कुठली तार कुठून येते, हे खोक्यांत बघून कुणालाच उमगणार नव्हतं. म्हणून दर पिशवीवर चिठ्ठी लावली, नसलेल्या भागांची वेगळी यादी केली.

घ्यायला आलेला तरुण टॉर्च घेऊन थेट गाडीखाली शिरला. बाहेर आल्यावर त्याने इंजिनाबद्दल चकार शब्द काढला नाही; डाव्या दाराच्या शिमा आहेत का, एवढंच विचारलं. त्याने किंमत बरीच पाडली. तरी मी गाडी दिली, कारण ती जाणत्याच्या हाती चालली होती.

तुमच्याही शेडमध्ये खोललेली हेराल्ड किंवा पद्मिनी उभी असेल आणि आपल्या हातून ती होणार नाही हे मनाला कळलं असेल, तर आणखी पावसाळे जाऊ देऊ नका. आरसी बुक शोधा, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावा, कुजलेला पत्रा आधी दाखवा, आणि ती अखंड विका.