दात्याने उंबरठ्याशी थांबावे

गरजू कुटुंबाला मदत करावयाचे ठरले की मंडळीच्या पंचांपुढे एक प्रश्न हमखास येतो. धान्य द्यावे, कपडे द्यावेत, मुलांची फी परस्पर शाळेत भरावी, की सरळ पैसे हातावर ठेवावेत? बहुतेक वेळा पैशाचा पर्याय मागे पडतो. त्याचे कारण कोणी उघड सांगत नाही, परंतु ते सर्वांना ठाऊक असते. धान्य शिजते, कपडा अंगावर दिसतो. पैसा मात्र दृष्टीआड होतो. हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नाही. मदत घेणाऱ्याच्या घरातील निर्णयांवर मदत देणाऱ्याचा अधिकार कोठवर पोहोचतो, हा त्यामागचा नैतिक प्रश्न आहे, आणि त्याविषयी पवित्र शास्त्र मौन बाळगत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मध्य प्रदेशातील इंदूर जिल्ह्यात आठ खेड्यांत जून २०११ पासून सुमारे दीड वर्ष एक प्रयोग झाला. ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने तो युनिसेफच्या आर्थिक साहाय्याने चालविला. गावातील प्रत्येक प्रौढास दरमहा २०० रुपये व प्रत्येक मुलास १०० रुपये देण्यात आले; वर्षभरानंतर ही रक्कम अनुक्रमे ३०० व १५० रुपये करण्यात आली. मुलांच्या वाट्याची रक्कम आईच्या हाती जाई. पैसे कशावर खर्चावेत याविषयी कोणतीही अट नव्हती. रक्कम न मिळालेल्या बारा गावांचीही तुलनेसाठी पाहणी करण्यात आली.

नवरा, बायको व तीन मुले अशा घराला प्रारंभी महिन्याला ७०० रुपये मिळत. एवढ्याने कोणी धनवान होत नाही. परंतु मजुरीवर जगणाऱ्या घरात संकट बहुधा लहान रूपानेच येते. मुलाला ताप भरतो, पेरणीच्या तोंडावर बियाणे नसते, पाहुणा येतो त्या दिवशी डब्यात पीठ नसते. अशा वेळी हाताशी दोनशे रुपये नसले की सावकाराचे दार गाठावे लागते. मग घेतलेली उचल फेडण्यासाठी दुसऱ्याच्या शेतावर राबावे लागते आणि स्वतःचा जमिनीचा तुकडा वेळेवर पेरला जात नाही. नियमित येणाऱ्या रकमेने ही साखळी काही घरांत तरी सैल केली. लोकांच्या जेवणात डाळी व भाजीपाला वाढला. मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, वजनात सुधारणा दिसली. शाळेवर अधिक खर्च होऊ लागला. काहींनी जनावरे घेतली. काही मजूर स्वतःच्या शेतीकडे वळले. कर्जाचा भार हलका झाला. दारूवरील खर्च वाढल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

पश्चिम केनियातील खेड्यांत ‘गिव्ह डायरेक्टली’ या संस्थेने गरीब कुटुंबांना मोबाईलद्वारे विनाअट रक्कम पाठविली. त्यासंबंधीचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेथे अनेक कुटुंबांनी गवती छप्पर काढून पत्रे घातले. दूर बसलेल्या दात्याला ही उधळपट्टी वाटेल. त्याने कदाचित औषधे किंवा पुस्तके पाठविली असती. परंतु गवत कुजते आणि ते पुन्हा पुन्हा बदलावे लागते, हा खर्च त्या छपराखाली निजणाऱ्यालाच कळतो. तेथेही दारू आणि तंबाखूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही.

आता शास्त्राकडे वळू. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात कर्जासंबंधी एक आज्ञा आहे, जी आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. शेजाऱ्याला काही उसने दिले असता गहाण आणण्यासाठी धनकोने त्याच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने स्वतः गहाण बाहेर आणून द्यावे, असा तिचा आशय आहे. धनकोचा हक्क नियमशास्त्राने नाकारलेला नाही. तथापि तो हक्क उंबरठ्याशी संपतो. घरात काय आहे आणि त्यातील कोणती वस्तू द्यावयाची, हे ठरविणे ऋणकोकडे राहते. गरिबाचे झोपडेही त्याचे घर आहे आणि तेथे तोच घरधनी आहे. ज्याचा पैसा परत येणे आहे, त्यालाही जर आत शिरण्याची मुभा नाही, तर ज्याने दान दिले व ज्याचे काहीच येणे उरले नाही, त्याला आत शिरून मडकी तपासण्याचा अधिकार कोणता?

भाषांतर करताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हिब्रू भाषेतील ‘त्सदाका’ या शब्दाचा मूळ अर्थ नीतिमत्त्व, न्याय. पुढे यहुदी लोकांत हाच शब्द दानासाठी रूढ झाला. आपल्या मराठीतही भिक्षेकरी ‘धर्म करा’ असेच म्हणतो. दोन्ही भाषांत दान हा न्यायाचाच एक भाग ठरतो. मग त्याच्या मोबदल्यात आज्ञाधारकपणाची अपेक्षा ठेवता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की हिशेब नको काय? हिशेब अवश्य हवा. प्रश्न तो कोणी द्यावा एवढाच आहे. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी प्रेषित पौलाने वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात या निधीच्या व्यवस्थेत कोणी दोष काढू नये म्हणून तो केवढी दक्षता घेतो! विश्वासू बंधूंची नेमणूक करतो. प्रभूसमोर आणि माणसांसमोरही सर्व चोख असावे असे म्हणतो. ही दक्षता पैसे वाहून नेणाऱ्यांसाठी आहे. यरुशलेमेतील विधवेने तिचा वाटा तेलावर खर्चावा की पिठावर, याविषयी त्या अध्यायात एक शब्दही नाही. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. विधवेकडून पावत्या मागितल्या जातात आणि निधी सांभाळणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

याचा अर्थ रोख रक्कम हे सर्व दुखण्यांवरील औषध आहे असा नव्हे. ज्या गावात दवाखाना नाही तेथे पैशाने डॉक्टर उगवत नाही. घरात नवरा व्यसनी असेल तर रक्कम कोणाच्या हाती पडते हा प्रश्न जीवन-मरणाचा ठरतो. म्हणूनच ती आईच्या नावे देण्यात शहाणपण आहे. शिवाय दाता अन्य वाटांनीही घरात शिरतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना सुरू केली. अशा रकमेने कित्येक घरांत औषधपाणी होते, आणि ही गोष्ट उपहासाची नव्हे. परंतु कोणतेही सरकार रकमेबरोबर मताची अपेक्षा पाठवीत असेल, तर त्याने उंबरठा ओलांडलेला असतो. नाताळात कांबळे देताना मंडळी जे छायाचित्र काढून घेते, तेही वेगळे नाही. दान करताना पुढे कर्णा वाजवू नये, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले आहे.

शेवटी अनुवादातील त्या आज्ञेचा उत्तरार्ध विसरू नये. धनकोने निघून जावे असे ती सांगत नाही. बाहेर उभे राहावे असे सांगते. पैसे देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याच्या दाराशी थांबणे कठीण आहे. आतून हाक आली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर आपण असावे. पीक बुडाले, मूल आजारी पडले, रक्कम खरोखरच चुकीच्या हाती गेली, तर त्या घराला आपल्याकडे येताना लाज वाटू नये. मंडळीच्या साहाय्य निधीचे नियम पुन्हा लिहिण्याची वेळ येईल तेव्हा पंचांनी प्रत्येक नियमाला एवढेच विचारावे: हा आपल्याला दाराबाहेर उभा करतो, की आत शिरवतो, की दारावरून पुढे नेतो? पहिल्या प्रकारचे नियम तेवढे ठेवावेत.