कोंडलेला धूर

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात शेल्डन नावाच्या खेड्यानजीक, चुनखडीच्या उघड्या माळावर, मॅग्पाय या शिशाच्या खाणीचे अवशेष उभे आहेत. छप्पर गेलेले इंजिनघर, एक गोल धुराडे आणि एक चौकोनी. १९५०च्या दशकात खाण कायमची बंद पडली. आज ते जतन केलेले स्मारक आहे. हौशी लोक छायाचित्रे काढून परततात. आमचे मन मात्र तेथील जमिनीखाली घडलेल्या एका गोष्टीपाशी अडते.

त्या प्रदेशात रोमन काळापासून शिसे काढीत. शिशाची शीर ज्याला सापडली तिच्यावर त्याचा हक्क, अशी तेथील जुनी रीत. तंटे सोडवण्यास खाणवाल्यांचे स्वतंत्र न्यायालयही होते. पण शिरा काही माणसाच्या सोयीने धावत नाहीत. मॅग्पाय आणि शेजारची रेड सॉइल या खाणींचे कामगार खोल अंधारात एकमेकांच्या हद्दीत शिरले. मग एकाने आग पेटवून दुसऱ्याला धुराने हुसकावयाचे, दुसऱ्याने उलट तेच करायचे, असा प्रकार सुरू झाला. १८३३ मध्ये रेड सॉइलचे तीन कामगार त्या धुरात गुदमरून मेले. मॅग्पायच्या कामगारांवर खुनाचा खटला चालला आणि १८३४ मध्ये ते सर्व निर्दोष सुटले.

मारण्याचा हेतू नव्हता, असे आपण त्यांच्या बाजूने सहज म्हणू. खुनाच्या आरोपातून ते सुटले याबद्दल आमची तक्रार नाही. हेतूवाचून खून होत नाही, हे आम्हीही सेमिनरीत शिकलो आहोत. परंतु खून नाही म्हणजे काहीच नाही, असे थोडेच आहे? बंदिस्त भुयारात धूर काय करतो, हे खाणीत आयुष्य घालवणाऱ्यांहून अधिक कोणाला ठाऊक असणार? ‘मागच्या वेळी कोणी मेले नाही’ एवढ्या आधारावर पुढची आग पेटत असावी, असे आम्हांस वाटते. आणि आगी दोन्ही बाजूंनी पेटत होत्या; प्रेते कोणाच्या बाजूला निघाली, एवढाच काय तो योगायोग. (बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचे पाणी तोडणाऱ्याने हे वाचून इंग्रजांना हसू नये.)

मृतांच्या विधवांनी त्या खाणीला शाप दिला, अशी कथा त्या भागात सांगतात. शापांवर आमचा विश्वास नाही. परंतु निकालानंतर त्या बायकांनी जाब विचारावा तरी कोणाला? आग पेटवणारे निर्दोष ठरले होते, आणि शीर नेमकी कोणाची, हा वाद त्यांच्या नवऱ्यांपुरता संपला होता.