पौलाचा झगा
(2 तीमथ्य 4:9-21)

रोमच्या बंदिवासातून पौल तीमथ्याला लिहितो की, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा घेऊन ये, आणि हिवाळ्याच्या आत पोहोच. एवढा थोर प्रेषित, पण थंडी वाजते व एकटे वाटते हे सांगण्यास तो लाजत नाही.

आपल्या मंडळ्यांतील मुले हल्ली परदेशी शिकावयास जातात. कोणी एडिंबरोला असेल. तेथे डिसेंबरच्या मध्यास पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. तरी मुलाने हिंडावे. किल्ल्यापासून होलीरूडपर्यंत रॉयल माइल उतरावी, अरुंद बोळांत शिरावे, किल्ल्यावरची एक वाजताची तोफ ऐकून दचकावे. शहर पायांनीच ओळखीचे होते. रविवारी मात्र ती तोफही मुकी असते, आणि परक्याला तो दिवस फार लांब वाटतो.

मुलाचा फोन आला की आपण अभ्यासाचे विचारतो, उपासनेचे विचारतो. (मार्कांचे तर आधीच!) अंगात गरम कपडा आहे का, कोणी घरी जेवावयास बोलावले का, हे कितीजण विचारतात?

आणि आपल्याच गावच्या वसतिगृहांतील परप्रांतीय मुलांचे काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी उपासनेनंतर मागच्या बाकावरच्या अनोळखी मुलाला नाव विचारा आणि जेवावयास घरी न्या.