शोध एका जावाचा

औशात पहाटे कुठे जुनी जावा मोटारसायकल सुरू झाली, की मला आमचे आण्णा आठवतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की त्याचीच किक व्हायची. आण्णांच्या जावाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम माझ्याकडे असे.

१९७२च्या दुष्काळात आण्णांनी गाडी विकली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. १९९६ मध्ये कारखानाही बंद पडला.

मी मात्र आण्णांच्या गाडीसाठी गॅरेज-गॅरेज विचारत राहिलो. अखेर एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सापडली. हँडलखालचा ग्रीसचा थर पुसला आणि आण्णांच्या डायरीतला चासी नंबर एकेक आकडा जुळत गेला. डोळे भरून आले. मिस्त्री म्हणाले, "न्या मालक, पण तिला उभी करून ठेवू नगा."

माणसांचंही असंच असतं. जाणं-येणं राहिलं तर नातं चालू राहतं, नाहीतर गंज चढतो. खूप दिवस भेट झाली नाही असं एखादं घर असेल, तर आज तिथं जाऊन या.