आलेखातील ‘कुंजरो वा’

घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या आपल्यासारख्या नोकरवर्गाचा पुष्कळसा काळ आकड्यांच्या संगतीत जातो. महिना संपला की गोषवारा, तिमाही संपली की अहवाल. या आकड्यांची मांडणी हा नीतीचा विषय होऊ शकतो, हे नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत माझ्या ध्यानी आले नव्हते. गेल्या पावसाळ्यात ते आले, आणि ब्राह्मणपाऱ्यातील माझ्या भाड्याच्या खोलीत तो प्रश्न पुष्कळ रात्री सोबतीला राहिला.

प्रसंग साधा होता. सहा महिन्यांत निकाली निघालेल्या प्रकरणांचे प्रमाण शेकडा ८६ वरून ९१ वर गेले होते. वरिष्ठांना बैठकीसाठी स्तंभालेख हवा होता. मी तो संगणकावर काढला, तेव्हा सहाही स्तंभ जवळजवळ सारख्या उंचीचे आले. प्रगती झाली हे तोंडाने सांगावे लागे, डोळ्यांना दिसत नसे. म्हणून मी उभा अक्ष शून्याऐवजी ८५ पासून सुरू केला. लागलीच पहिला स्तंभ एका बोटाचा आणि शेवटचा सहा बोटांचा झाला. तळाशी बारीक अक्षरांत ‘अक्ष ८५ पासून’ अशी टीपही दिली. बैठकीत आलेखाची वाहवा झाली.

यात असत्य कोठे आहे? आकडे खरे, टीपही खरी. तरीही मला द्रोणपर्व आठवल्यावाचून राहिले नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, हे खरेच होते. ‘कुंजर’ हा शब्दही धर्मराजाने उच्चारला होता, फक्त हलक्या आवाजात. पण भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. शब्द खरे होते म्हणून व्यासांनी त्याला सोडले नाही. द्रोणांच्या मनात काय उतरावे अशी त्याची इच्छा होती, तेच त्यांनी मोजले. माझी बारीक टीप म्हणजे माझे ‘कुंजरो वा’ होते.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक अक्ष शून्यापासूनच काढावा, म्हणजे झाले. पण तसा नियम करून सुटका होत नाही. रुग्णालयातील तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला, तर १०३ अंशांचा ताप आणि निरोगी शरीर यांतील भेद नजरेत भरणारच नाही. तेथे चार-पाच अंशांचे अंतर जीवनमरणाचे असते, म्हणून ते मोठे करून दाखविणे हेच सत्य. माझ्या पाच टक्क्यांना तसा काही अर्थ होता काय? होता, पण सहापटीचा खास नव्हता.

चित्राची गरजच काय, असे म्हणून मात्र चालणार नाही. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कम्ब या संख्याशास्त्रज्ञाने अकरा-अकरा बिंदूंची चार कोष्टके प्रसिद्ध केली. चारहींची सरासरी, विचलन आणि सहसंबंध जवळजवळ तंतोतंत सारखे. पण कागदावर बिंदू मांडले की एकात सरळ कल, दुसऱ्यात कमान, उरलेल्या दोहोंत एकच चुकार बिंदू सारा हिशेब ओढून नेणारा. कोष्टक वाचून बुद्धीला जे उमगत नाही, ते डोळा क्षणात टिपतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली क्रिमियन युद्धातील मृत्यूंचा रंगीत आलेख केला, त्यातही निळ्या पाकळ्यांपुढे लाल भाग कसा इवलासा दिसतो! लाल म्हणजे जखमांनी मेलेले, निळे म्हणजे टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले. तिलाही आपले म्हणणे पटवायचेच होते; ती काही तटस्थ नव्हती. पण जे मृत्यू दृष्टीआड होते, ते तिने दृष्टीसमोर आणले. मी नेमके उलट केले होते.

आणि एखादी रेषा कोठे आखावी यावर केवढे अवलंबून असते, हे आपल्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दररोज माणशी २२५० उष्मांकांचा निकष धरून देशातील दारिद्र्य मोजले. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, माणसामाणसाची, किंबहुना एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. सरासरीलाच सीमारेषा मानले, तर निरोगी माणसेही कुपोषितांत मोजली जातील. दोघेही संख्याशास्त्राचे जाणकार. वाद बराच गाजला. आलेखावर ती रेषा किंचित डावीकडे सरकवली की कोट्यवधी माणसे उपाशांतून बाहेर पडतात, आणि त्यांच्या ताटात एक घासही वाढलेला नसतो. कोण बरोबर हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. मला मोह पडतो तो एवढ्याचाच, की त्यांनी आपापली रेषा कोठे आणि का आखली हे ठळक अक्षरांत सांगितले.

माझा आलेख मी मोठ्या कौतुकाने शेजारच्या काकूंना दाखविला होता. त्यांचे कुटुंबनिवृत्तिवेतन तेव्हा अडकलेले होते. माझ्या कचेरीशी त्याचा संबंध नव्हता. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, “चढण छान दाखवलीस रे. पण उरलेली माणसं यात कुठं आहेत?”

त्या रात्री मी दुसरा आलेख काढला. स्तंभ नाहीत, प्रत्येक प्रलंबित प्रकरणाचा एक बिंदू, आडव्या अक्षावर तुंबलेले दिवस. सरासरी पन्नास दिवसांच्या आसपास येत होती, पण पन्नासाजवळ एकही बिंदू नव्हता. छत्तीस बिंदू महिन्याच्या आत दाटीने बसले होते, आणि चार वर्षापलीकडे, कागदाच्या उजव्या काठाशी, एकटे.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, त्या चार बिंदूंवर पेन्सिलीने वर्तुळे केली आणि धारिका मागविल्या. दोन प्रकरणे पंधरवड्यात मार्गी लागली. दोन अजून आहेत. वार्षिक अहवालात मात्र पहिलाच आलेख गेला. बारीक टिपेची अक्षरे तेवढी मोठी करून द्यावीत, अशी विनंती मी केली होती. छापून आला तेव्हा ती टीपच गळाली होती.