पटलं, पण भीती गेली नाही

जट कापायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्याआधीच्या बोलण्याला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांची जट सोडवली, ती आधी त्यांच्याशी आणि घरच्यांशी बोलून. मान अवघडलेली असते, धड कुशीवर झोपता येत नाही, डोक्याला वास मारतो. हा केसांचा गुंता आहे, देवीचं बोलावणं नव्हे, हे त्या बाईला पटलेलंही असतं. तरी कात्री दिसली की ती विचारते, ‘माझ्या पोराबाळांना काही झालं तर?’ आणि जट गेल्यावर घरात कुणाला साधा ताप आला, तरी सगळ्यांच्या नजरा तिच्या मोकळ्या डोक्याकडे वळतात.

पटणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या विवेकवाद्यांनी पहिलीवर आयुष्यं वेचली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी तर 20 ऑगस्ट 2013 रोजी जीवही गमावला. पण पटल्यानंतर माणूस एकटा पडतो, त्याचं काय? श्रद्धाळू माणूस घाबरला तर रामरक्षा म्हणतो. नास्तिकाला ती सोय नाही. वर घाबरल्याचं चारचौघांत सांगायचीही चोरी. मित्र म्हणणार, ‘अरे, तू तर विवेकवादी ना?’

शिकल्यासवरल्या घरात ही भीती दहाव्याला गाठते. वडील गेलेत, मुलगा काही मानत नाही, पण आईसाठी घाटावर उभा आहे. पिंड मांडलाय आणि कावळा शिवत नाही. काका म्हणतात, ‘दादाचा जीव कशात तरी अडकलाय, तू काहीतरी कबूल कर.’ घाटावरचे कावळे सकाळपासून भात खाऊन सुस्तावलेत, हे त्याला दिसतंय. तरीही पोटात कालवतं. शेवटच्या महिन्यात वडिलांशी नीट बोललो नाही, हे त्याला नेमकं तेव्हाच आठवतं. ज्यानं दिवस घातलेच नाहीत, देहदान करून मोकळा झाला, त्याची तर आणखी पंचाईत. नातेवाइकांचे टोमणे एकवेळ सोसता येतात, पण दुःखाला ठरलेले तेरा दिवसच उरत नाहीत. कधी रडायचं आणि कधी कामावर जायचं, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं.

असा माणूस समुपदेशकाकडे जातो आणि ऐकून येतो, ‘एकदा शांत करून टाका, तुमच्याच मनाला बरं वाटेल.’ सल्ला देणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. पण पेशंट अपराधीपणाबद्दल विचारायला आला होता आणि हाती विधी घेऊन परतला. व्याख्यानांतही अर्जुनाला पहिला पेशंट आणि कृष्णाला पहिला समुपदेशक म्हणायची आपल्याकडे हौस आहे. रूपक म्हणून छान आहे. पण ज्याला कृष्णापासूनच लांब जायचंय, त्यानं कुठल्या खुर्चीत बसायचं?

गंमत अशी, की मराठी वाचकाला जवळची झालेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती ज्यांची, ते अल्बर्ट एलिस स्वतः नास्तिक. किशोर फडके यांनी ती इथे रुजवली. अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’मुळे ती घराघरांत गेली. 1980 मध्ये एलिस यांनी कडव्या धार्मिकतेला थेट मानसिक अस्वास्थ्याशी जोडलं होतं. पुढे त्यांनी धार आवरती घेतली, आणि 2001 मध्ये श्रद्धाळू माणसांच्या समुपदेशनावरच्या पुस्तकाचे ते सहलेखक होते. हा बदल मला त्यांच्या नास्तिकतेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पेशंटचा देव काढून घेणं जसं उपचारकाचं काम नव्हे, तसं पेशंटला देव देणंही नव्हे.

अमेरिकेत चर्चशी बांधलेलं समुपदेशन इतकं मुरलंय, की धर्म सोडणाऱ्यांसाठी 2012 मध्ये ‘सेक्युलर थेरपी प्रोजेक्ट’ सुरू करावा लागला. उपचारात धर्म न आणणाऱ्या थेरपिस्टांशीच तिथे गाठ घालून दिली जाते. आपल्याकडे निदान कायदा तरी बाजूनं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार, समाजात रूढ असलेल्या धार्मिक श्रद्धांशी कुणाचं जमत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. ‘देवाला हात जोडत नाही हो, आधी असा नव्हता,’ म्हणत मुलाला दवाखान्यात आणणाऱ्या आईबापांना हे कलम कुणी वाचून दाखवत नाही, एवढंच.

समुपदेशकानं घरी गणपती बसवावा, संकष्टीही करावी. त्याच्याशी मला कर्तव्य नाही. पण पहिल्याच फोनवर विचारून घ्यायला हरकत नसावी: ‘मी देव मानत नाही, ते बदलायला येत नाहीये, चालेल ना?’ पलीकडून ‘असं कसं, काहीतरी मानत असालच की’ असं हसून उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावावा.